उणे एकशेचाळीस

लग्नानंतर सासरी पहिल्यांदा जेवायला गेला तेव्हा साडूनं त्याला हात धुवायच्या निमित्तानं आत नेलं, नळ सोडला आणि कानाशी लागून विचारलं, “साडूभाऊ, आता आपण घरातलेच. खरं सांगा, दिवसाला किती निघतात?”

“काय किती निघतात?”

“हिरे हो!”

पदार्थविज्ञानात नुकताच डॉक्टर झालेला माणूस. खोटं बोलायची अजून सवय नव्हती. त्यानं सांगून टाकलं, तासाला केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा, तोही सगळं जमून आलं तर. रंग राखाडी. नाही जमलं तर नुसती काजळी. साडूनं नळ बंद केला, बाहेर येऊन ताटावर बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “हिरेवाला म्हणून सोयरीक केली, निघाला कोळसेवाला.”

ते नाव सासरहून संस्थेत कसं पोचलं कुणास ठाऊक. चांगल्या नावाला शिफारस लागते, वाईट नाव पायी चालत येतं. पंधरा दिवसांत शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्याला कोळसेवाला म्हणायला लागले. तोंडावर ‘सर’ जोडायचे, एवढाच काय तो मान.

आणि नावात खोटं काही नव्हतं. हिरा आणि काजळी एकाच बापाची लेकरं. दोघांच्या अंगात कार्बनच. एकाला वळण लागलं, दुसरं उंडारलं. कोळसेवाल्याचा धंदा त्या उंडारलेल्याला वळण लावायचा. तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत त्याचं यंत्र होतं: छातीएवढं उंच पोलादी पिंप, त्याला नळ्या, नळ्यांना आणखी नळ्या. पिंपात हवा म्हणून ठेवायची नाही. त्यात थोडा गॅस सोडायचा आणि वरनं मायक्रोवेव्ह मारायच्या, की आत जांभळा गोळा पेटतो. गोळ्याखाली नखाएवढी सिलिकॉनची चकती. उष्णता बरोबर असली तर चकतीवर हिऱ्याचा पापुद्रा धरतो. नसली तर काजळी. तीस वर्षांत त्या खोलीतनं काजळी किती निघाली हे धोब्याला विचारावं.

हे पिंप बसवलं लेथवाल्यानं. लेथवाला म्हणजे संस्थेच्या वर्कशॉपमधला टर्नर, लोहाराचा मुलगा, शिक्षण बेताचं आणि हात सोन्याचा. यंत्र आलं तेव्हा दारातनं आत जाईना. लेथवाल्यानं कुणाला न विचारता मागची भिंत फोडली, पिंप आत सरकवलं, पुन्हा विटा लावल्या, वर गिलावा, वर चुना. कामाचा माणूस परवानगी मागत बसत नाही. भिंत अशी बसली की पुढं कोळसेवालाही ते विसरून गेला.

आता सायटेशनचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जगात कुणी नवा पेपर लिहिला की शेवटाला यादी जोडतो, अमक्यानं असं म्हटलंय, तमक्यानं तसं. त्या यादीत तुमचं नाव आलं की झालं तुमचं एक सायटेशन. यादीतला पेपर त्यानं वाचलाच पाहिजे असा नियम नाही. बहुतेक जण दुसऱ्याच्या यादीतनं आपल्या यादीत उतरवून घेतात. एक मेंढरू जिकडं गेलं तिकडं कळप. पण विद्वानाची किंमत त्यावरच ठरते.

कोळसेवाल्याची एकूण दोन हजार तीनशे सायटेशनं होती, त्यातली सतराशे एकट्या एका पेपरची. त्या पेपरात त्यानं एवढंच म्हटलं होतं, की हिऱ्याचा पापुद्रा धरायला सगळे जिथं आठशे अंशांच्या आसपास तापवतात तिथं आम्हाला साडेसहाशेला जमलं. जगानं तोंडात बोटं घातली. कमी तापवून हिरा धरतो म्हणजे जास्त तापवलं की ज्या वस्तू वाकतात त्यांवरही चढवता येईल! बावीस वर्षं झाली, त्या एका आकड्यावर त्याचं बस्तान होतं. सकाळी दूध तापायच्या आत तो कॉम्प्युटर उघडून आकडा बघायचा.

“वाढलं का?” बायको आतनं विचारायची.

“दोन.”

“दूध बघा. तेही वाढलंय.”

बायकोचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान. नंबर तपासायचा, काच घासायची, फ्रेमीत बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून म्हणायचं, वाचा. वाचता आलं तर काम झालं. नवऱ्याच्या धंद्यात असं ‘वाचा’ म्हणायची सोय नाही, याचं तिला लग्नापासून नवल होतं.

तर कोळसेवाला साठीला आला. संस्थेचा नियम, साठीला खोली सोडायची. मात्र सायटेशनं भक्कम असली तर समिती बसते आणि पाच वर्षं वाढवून देते. समिती सहा आठवड्यांवर होती. त्याच्याकडं त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं. ना बागेचा नाद, ना पत्त्यांचा. पाच वर्षं मिळाली तर माणूस, नाही मिळाली तर बायकोच्या दुकानात काचा पुसणार. शेजारच्या खोलीतला रबरवाला, म्हणजे रबरावर संशोधन करणारा तरणाबांड प्राध्यापक, आठवड्यातनं दोनदा सहज म्हणून डोकवायचा. एकदा तर खिशातनं टेप काढून भिंत मोजताना सापडला.

“काय मोजताय?”

“काही नाही सर. असंच. खोली मोठी वाटते.”

“मी अजून जिवंत आहे म्हणून लहान दिसतेय. दम धरा.”

त्याच आठवड्यात पत्र आलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा विद्यापीठातली एक पोरगी. लिहिलं होतं, आदरणीय सर, तीन वर्षं तुमच्या पेपरप्रमाणं साडेसहाशेला करते आहे. काजळीशिवाय काही येत नाही. सहा महिने उरलेत. माझं काय चुकतं ते कृपा करून सांगाल का?

असली पत्रं त्याला वर्षाला दोन-तीन यायची. उत्तर ठरलेलं: भांडी नीट धुवा, गॅस शुद्ध वापरा, धीर सोडू नका. या वेळी त्यानं पत्राची प्रत काढून घरी आणली आणि टेबलावर ठेवून वर काच ठेवली. ही काच म्हणजे त्या गाजलेल्या प्रयोगाची आठवण. पिंपाच्या पोटाला बघायला एक खिडकी असते; त्या दिवसांत तिला जी काच होती तीच ही, तळहाताएवढी, जाड, हिरवट झाकेची. पुढं नवी काच आली तेव्हा त्यानं ही घरी आणली आणि बावीस वर्षं कागदांवर ठेवली.

बायको टेबल पुसत होती. तिनं काच उचलली, उजेडाला धरली आणि बोटांत फिरवली.

“अहो, ही तुमच्या यंत्राची म्हणता ना? ही तर भट्टीची दिसते.”

“काच ती काच.”

“असं माझ्या दुकानात म्हणा, गिऱ्हाईक चपलेनं मारेल.”

तिनं ती पिशवीत टाकली. दुकानात गॉगल तपासायचं एक यंत्र होतं. काच मध्ये धरली की डोळ्याला दिसणारा उजेड किती जातो आणि न दिसणारी धग किती जाते, दोन्ही आकडे येतात. दुपारी तिनं नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं.

“बघा. उजेड जातोय भरपूर. धग निम्मीही जात नाही. भट्टीत डोकावणाऱ्याचे डोळे भाजू नयेत म्हणून करतात असली काच. आता मला सांगा, तुमचं ते उष्णता मोजायचं मीटर काय बघतं, उजेड की धग?”

मीटर पिंपाला शिवत नाही. ते खिडकीबाहेर बसतं आणि काचेतनं येणाऱ्या धगीवरनं आतली उष्णता सांगतं. कोळसेवाला दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. समोर अक्षरांचा तक्ता होता, वरचं मोठं अक्षरही त्याला दिसेना.

मग उठला तो तडक वर्कशॉपमध्ये. लेथवाल्याचं रिटायर होणं वर्षावर आलं होतं. तो एका बोल्टाला पेच पाडत बसला होता.

“ही काच तुम्ही कुठनं आणली होती?”

लेथवाल्यानं चष्मा कपाळावर सारला. “ही? तुमची चांगली काच तडकली त्या दिवशी, आणि तुम्ही तर नाचत होता, आजच्या आज पाहिजे म्हणून. मोडीत काढलेल्या भट्टीची होती, घासून बसवली. सांगितलं होतं की तुम्हाला, काच बसवली म्हणून.”

“कुठली ते सांगितलं नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, शाब्बास.”

दोघं खोलीत गेले. मीटर जिथं असतं तिथं. मीटरच्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, पिवळी पडून खवले सुटलेली, कोळसेवाल्याच्या अक्षरात: ‘उणे १४०’.

आता या चिठ्ठीची कथा ऐका, म्हणजे विद्वान माणूस कसा वेडा होतो ते कळेल. पेपर छापून आल्यावर खिडकीला नवी, चांगली काच आली. मीटरवर साडेसहाशे येईस्तोवर तापवलं आणि आली काजळी. पंधरा दिवस काजळी. शेवटी लेथवाला म्हणाला, सर, आकडा सोडा, मागच्या वेळी चकती कशी लाल दिसत होती ती मला आठवते. बापाच्या भट्टीत पत्रा वाकवायला काढायच्या जरा आधी दिसतो तो लाल. त्यानं डोळ्यानं बघून तापवलं. हिरा आला. मीटर दाखवत होतं सातशे नव्वद.

तेव्हा सरळ होतं. पण पेपर छापून झाला होता, पेपरात साडेसहाशे होतं आणि चाळीसेक लोकांनी तो आकडा यादीत उतरवला होता. एवढी माणसं चुकतील होय? कोळसेवाल्यानं विचार करून ठरवलं की मीटर बिघडलंय, एकशेचाळीसनं वर दाखवतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यानं चिठ्ठी लिहिली, चिकटवली. पुढं मीटर दोनदा बदललं. चिठ्ठी दरवेळी काढून नव्या मीटरला लावली.

“म्हणजे,” लेथवाला सावकाश म्हणाला, “बावीस वर्षं मीटर बरोबर होतं.”

“हो.”

“मी पण बरोबर होतो.”

“हो.”

“आणि तुम्ही?”

कोळसेवाल्यानं काच त्याच्या हातात दिली. लेथवाल्यानं जुनी काच खिडकीपुढं धरली, जांभळा गोळा पेटवला, डोळ्यानं लाल जमवला. मीटर म्हणालं, साडेसहाशेला दोन कमी. काच काढली. सातशे एक्याण्णव.

लेथवाला हसायला लागला. खांदे हलवत, पिंपाला धरून हसला. मग थांबला. “हसू नये. तुमची वेळ वाईट आहे. रबरवाला कालच मला विचारत होता, या पिंपाचं भंगारात वजन किती भरेल.”

चार दिवस कोळसेवाल्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी त्या पोरीला दोन ओळी लिहिल्या: पेपरातला आकडा चुकला आहे. एकशेचाळीस वाढवा. त्याच्या हिशेबानं एवढ्यावर भागत होतं. पोरगी सुटली, आपण सुटलो, कानोकान खबर नाही.

नऊ दिवसांनी तिचं उत्तर. सोबत फोटो, मोठं करून काढलेला. चकतीवर बारीक बारीक तिकोनी पैलू, खच्चून भरलेले. खाली लिहिलं होतं, सर, मी रडले. आता एकच अडचण. माझे परीक्षक विचारतात, सातशे नव्वद कशाच्या आधारावर? तुमचं पत्र दाखवलं तर म्हणाले, पत्र चालत नाही, छापील पाहिजे. मी यादीत काय लिहू?

त्यानं ते पत्र बायकोपुढं टाकलं.

“लिहा की मग छापील. दुरुस्ती,” बायको म्हणाली.

“तू म्हणतेस सोपं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. समिती तीन आठवड्यांवर आहे. सतराशे सायटेशनं पालथी पडतील.”

“माझ्याकडनं चुकीच्या नंबरचा चष्मा गेला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून माझा उद्धार करतं. तुमचं गिऱ्हाईक बावीस वर्षं ठेचा खातंय आणि वर ‘आदरणीय’ लिहितंय.” तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत ठेवला. “पोरगी कुणाची का असेना. तीन वर्षं काजळी घासलीय तिनं.”

त्यानं दुरुस्ती लिहिली. अर्धं पान. त्यात काच आली, मीटर आलं, चिठ्ठी सुद्धा आली. लेथवाल्याचा उल्लेखही आला, ‘योग्य उष्णता नजरेनं ओळखणारे आमचे सहकारी’ म्हणून. मासिकाला पाठवली.

आठ दिवसांत समितीच्या अध्यक्षांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष म्हणजे त्याच्या बरोबरीचाच माणूस, हिऱ्यावरच वर चढलेला. कोळसेवाल्याच्या पेपरानंतर दोन वर्षांनी यानं लिहिलं होतं, आम्हालाही जमलं, सहाशे पंचावन्नला. त्याची नऊशे सायटेशनं होती. मासिकानं ती दुरुस्ती मत द्यायला नेमकी त्याच्याकडं पाठवली होती.

“बस,” अध्यक्ष म्हणाला. दार लावलं. “हे काय काढलंयस?”

“चूक सापडली. सांगितली.”

“बावीस वर्षांनी? मेलेलं उकरून? कोळसा उगाळावा तितका काळाच. तुला कुणी विचारलं होतं का?”

“एका पोरीनं विचारलं.”

“पोरीनं!” अध्यक्षानं खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली घेतला. “हे बघ, अजून छापलेलं नाही. मागं घे. पाच वर्षं तुझी. खोली तुझी, यंत्र तुझं. कागद मी तयार ठेवलाय.”

“तुला मिळाला होता ना रे हिरा, सहाशे पंचावन्नला?”

“मिळाला होता.”

“मीटर काय म्हणत होतं?”

अध्यक्षानं टेबलावरचा टाचणीचा डबा बाजूला सरकवला. “सगळे साडेसहाशे म्हणत होते,” तो म्हणाला. “मी एकट्यानं सातशे नव्वद लिहिलं असतं तर मला लोक म्हणाले असते, याला नाचता येत नाही.”

“म्हणजे तूही चिठ्ठी चिकटवलीस.”

“मी चिठ्ठी चिकटवली नाही. मी थेट लिहिलं. मागं घेतोस का?”

कोळसेवाल्याला नाही म्हणायला फार धैर्य लागलं असं नाही. खरं सांगायचं तर त्याला हो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण हो म्हटलं तर पाच वर्षं त्या खोलीत बसून रोज त्याच चिठ्ठीकडं बघायचं, हे त्याच्या डोळ्यापुढं आलं. शिवाय पोरीला काय लिहायचं?

“नाही जमायचं,” तो म्हणाला आणि उठला.

अध्यक्षाला दुरुस्ती अडवता आली नाही. अडवायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण त्याच्याच फायलीत होतं. पण खोली अडवता आली. समितीचा कागद आला: नव्या काळाच्या संशोधनाला जागा करून देणं गरजेचं असल्यामुळं मुदतवाढ देता येत नाही. दुरुस्तीचा त्यात शब्दही नव्हता. गंमत अशी की सायटेशनचा आकडा कागदात छापलेला होता, आणि तो महिन्यात अकरानं वाढला होता. चुकीचाच पेपर, अकरा नवी मेंढरं.

शेवटच्या दिवशी कोळसेवाल्यानं मीटरवरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. पूर्ण निघाली नाही, ‘उणे’ राहिलं. बाकीचे कागद खोक्यात भरले आणि तो बायकोच्या दुकानात काचा पुसायला बसला. वाईट पुसायचा. डाग राहायचे. बायको दुसऱ्यांदा पुसायची, बोलायची नाही. एका दुपारी त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं. दुरुस्तीला सायटेशन आलं होतं: एक. पोरीचं.

“वाढलं का?” बायकोनं आतनं विचारलं.

“एक झालं.”

“त्या माणसानं वाचलं तरी असेल,” ती म्हणाली.

तेवढ्यात फोन आला. रबरवाल्याचा. जरा लगेच येता का, लेथवाला काही धड बोलत नाही.

खोलीत चार हमाल, दोन ढकलगाड्या आणि घामाघूम रबरवाला. पिंप दारापर्यंत नेलं होतं आणि दारात अडकलं होतं. दोन विती रुंद होतं दारापेक्षा. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. रबरवाल्यानं खोली मोजली होती, भिंती मोजल्या होत्या, पिंप मोजायचं राहिलं होतं. लेथवाला कोपऱ्यात फडक्याला हात पुसत उभा होता.

“अहो, हे आत आलं कसं?” रबरवाला कळवळला.

लेथवाल्यानं कोळसेवाल्याकडं बघितलं. कोळसेवाल्याची नजर मागच्या भिंतीवर गेली. एका जागी गिलाव्याला जरासा फुगवटा होता. त्याला सगळं आठवलं. त्यानं तोंड उघडलं.

“लहान असताना आलं, सर,” लेथवाला आधी बोलला. “इथंच वाढलं.”

हमाल हसले. भिंत फोडायची तर परवानगी लागते, परवानगीला समिती लागते, आणि समिती वर्षातनं एकदा बसते. संध्याकाळपर्यंत ठरलं, की तोवर पिंप परत आपल्या जागी राहील आणि रबरवाला आपली टेबलं त्याच्या भोवतीनं लावेल. पण पिंप असं नुसतं ठेवता येत नाही. हवा आत शिरली की गंजतं, आठवड्यातनं दोनदा चालवावं लागतं.

“कोण चालवणार?” रबरवाल्यानं विचारलं.

“मंगळवार-शुक्रवार मोकळा आहे मी,” कोळसेवाला म्हणाला. “दुकानातनं सुट्टी घ्यावी लागेल.”

“ती लगेच मिळेल,” लेथवाला म्हणाला. “वहिनींनी कालच सांगितलं मला, तुमच्या पुसलेल्या काचा बघून.”